अंगठी धरणारा हात : परदेशी अधिकाऱ्यांसाठीच्या संस्कृतिपुस्तिकांविषयी

एका प्रकारच्या छापील मजकुराकडे आपल्या समीक्षेने आजवर वळून पाहिलेले नाही. मोठी कंपनी आपला अधिकारी परमुलखात दोन-तीन वर्षांसाठी पाठवते, तेव्हा निघण्यापूर्वी त्याच्या हाती एक पुस्तिका देते. तीस-चाळीस पाने, गुळगुळीत कागद, मधूनमधून चौकटी. तिथले लोक कसे आहेत, भेटकार्ड कोणत्या हाताने द्यावे, जेवताना काय टाळावे, समोरचा ‘हो’ म्हणाला तर त्याचा अर्थ काय घ्यावा, हे सगळे त्यात असते. पुस्तिकेसोबत बहुधा एक दिवसाचा वर्गही असतो. त्याला हल्ली ‘क्रॉस-कल्चरल ट्रेनिंग’ म्हणतात.

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी दुभाषी म्हणून काम करताना अशा पुस्तिका माझ्याकडे साठत गेल्या. भारताविषयी जपान्यांना सांगणाऱ्या, जपानविषयी भारतीयांना सांगणाऱ्या आणि चीन, कोरिया, थायलंडविषयी सगळ्या गोऱ्यांना सांगणाऱ्या. आता कपाटाचा एक खण भरला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जपानी संध्याकाळच्या वर्गांत शिकले आणि इतिहास, मानववंशशास्त्र जसे हाती येईल तसे वाचले. त्यामुळे या लेखात विद्यापीठीय शिस्त कमी दिसेल. मात्र या पुस्तिका ज्या टेबलांवर वापरल्या जातात त्या टेबलांशी मी बसलेली आहे, आणि त्यांतल्या एका ओळीशी माझा फार जवळचा संबंध आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी या मजकुराची भाषा पाहू. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य रीतिवर्तमानकाळी असते. जपानी माणूस थेट विरोध करत नाही. चिनी माणूस आधी नाते जोडतो. भारतीय माणूस वेळेच्या बाबतीत लवचीक असतो. कर्ता नेहमी एकवचनी, निनावी आणि पुरुष. घटना कधीच नसते. अमुक साली, अमुक गावी, अमुक माणसाने असे केले, असे वाक्य मला माझ्या संग्रहात क्वचितच सापडले. पंचतंत्रातल्या कोल्ह्याप्रमाणे इथला ‘भारतीय’ प्रत्येक वेळी आपल्या स्वभावानुसारच वागतो. पंचतंत्रात निदान कोल्ह्याला भूक तरी लागते. पुस्तिकेतल्या माणसाला पोट नसते. त्याला पगार, कर्ज, थकलेले बिल, वरचा साहेब, यांपैकी काहीही नसते.

माझा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो. या वाङ्मयातून दोन गोष्टी सातत्याने गायब असतात : व्यवहारातला पैसा आणि व्यवहार घडवून आणणारा मधला माणूस. त्या काढून घेतल्या की उरलेल्या वागण्याला कारणच उरत नाही, आणि मग त्या रिकाम्या जागी ‘संस्कृती’ हा शब्द बसवला जातो.

या दोन्ही गोष्टी ठसठशीत असलेला एक जुना मजकूर मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा आहे. फक्त आपण तो या दृष्टीने वाचत नाही. १६७४ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडावर गेला. शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली पुण्यात प्रसिद्ध केलेल्या ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’मध्ये त्याची रोजनिशी आहे. राज्याभिषेकाच्या वर्णनासाठी आपण ती वाचतो. सिंहासन, भाल्याच्या टोकावरचा न्यायाचा तराजू, सोन्याचे मासे, आणि एवढ्या अवघड वाटेने वर कसे आणले असतील असा त्याला प्रश्न पडला ते दरवाजापाशी उभे असलेले हत्ती. पण ऑक्झिंडेन सोहळा पाहायला गेला नव्हता, तो धंद्यासाठी गेला होता. राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई, मराठी मुलखात व्यापाराची मोकळीक, जकातीचा दर, अशा कलमांची यादी त्याच्याजवळ होती. आजच्या भाषेत तो आशियातल्या एका समाजात व्यवसायासाठी पाठवलेला परदेशी कर्मचारी होता.

त्याच्याजवळ पुस्तिका नव्हती. त्याच्याजवळ नारायण शेणवी होता. हा मुंबईतल्या कंपनीचा दुभाषी आणि वकील. ऑक्झिंडेनच्या आधीच तो रायगडावर जाऊन आला होता. गडावर निराजीपंतांच्या मार्फत बोलणी चालली. कोणाला काय नजराणा द्यायचा याची चर्चा झाली, राजाबरोबर मंत्र्यांनाही वस्तू दिल्या गेल्या आणि हे सगळे कंपनीच्या कागदांत हिशेबासह नोंदले गेले. माणसांची नावे आहेत, तारखा आहेत, किमती आहेत.

अभिषेकाच्या दिवशी सकाळी इंग्रज दरबारात गेले. महाराज उंच सिंहासनावर, भोवती मंत्री. इंग्रजांनी दुरूनच मुजरा केला. त्या वेळी नारायण शेणव्याने नजर करायची हिऱ्याची अंगठी हातात धरून वर केली. महाराजांचे लक्ष गेले, त्यांनी इंग्रजांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. हे सगळे ऑक्झिंडेननेच लिहून ठेवले आहे. मुजरा कसा करावा हे त्याला कोणी शिकवले असेल किंवा नसेल. त्याला पुढे नेणारी गोष्ट मुजरा नव्हती. कोणत्या क्षणी अंगठी वर धरायची हे ओळखणारा मनुष्य त्याच्याबरोबर होता, आणि हे नोंदवण्याइतका प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

त्या वाटाघाटीतली दोन उत्तरे तर मी प्रत्येक प्रशिक्षकाला वाचायला देईन. कंपनीला आपले नाणे मराठी मुलखात चालवून हवे होते. उत्तर असे आले की, रयतेने तोटा सोसून कोणाचे नाणे घ्यावे अशी सक्ती करता येणार नाही. नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यासारखे कसदार आणि वजनाला पुरते असेल तर त्याला मनाई नाही. दुसरी मागणी होती ती किनाऱ्यावर फुटून लागलेल्या जहाजांचा माल परत मिळावा ही. तिला सरळ नकार मिळाला. कारणही सांगितले गेले : तो कोकणचा जुना रिवाज आहे, आणि तुम्हाला सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि बाकीचे व्यापारीही तीच मागतील. ‘आशियाई माणूस तोंडावर नाही म्हणत नाही’ हे वाक्य माझ्या खणातल्या निम्म्या पुस्तिकांत आहे. इथे दोन मागण्यांना दोन वेगवेगळ्या प्रकारचे नकार आहेत आणि दोन्ही कारणांसहित आहेत. नाही म्हणायला ‘संस्कृती’ आड आली नाही, कारण नाही म्हणणारा सिंहासनावर बसला होता.

याच वकिलातीची एक गोष्ट जॉन फ्रायर या डॉक्टरने १६९८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. इंग्रजांना मटण पुरवणारा म्हातारा खाटीक मुद्दाम गड चढून त्यांना पाहायला आला, कारण एवढे गिऱ्हाईक त्याला कधी मिळाले नव्हते. पुस्तिकेत याचे ‘शाकाहाराबाबत संवेदनशील राहा’ असे झाले असते. खाटकाने मात्र पाहुण्यांची संस्कृती स्वतःच्या हिशेबवहीतून वाचली.

असा ऐवज हाताशी असताना पुढच्या काळात हे वाङ्मय इतके रक्तहीन का झाले? एक कारण वर्गखोलीत आहे. विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्याला नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडले होते. परक्या अधिकाऱ्याला निदान आधी समोरच्याची भाषा शिकावी लागेल, हे त्यात गृहीत होते. विसाव्या शतकात हे गृहीत गळून पडले. एडवर्ड हॉल हा अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ १९५० ते ५५ या काळात परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत शिकवत होता. त्याच्यापुढचे विद्यार्थी परदेशी नेमणुकीवर निघालेले नोकरदार होते. त्यांना एखाद्या समाजाच्या आप्तसंबंधांची रचना समजून घेण्यात रस नव्हता; उद्या बैठकीत काय करायचे ते त्यांना हवे होते. हॉलने मग बोलताना राखायचे अंतर, वेळेचा वापर, हातवारे, गप्प बसण्याचा अर्थ, अशा छोट्या, शिकवता येण्याजोग्या गोष्टींवर लक्ष वळवले. ‘द सायलेंट लँग्वेज’ (१९५९) हे त्याचे पुस्तक त्यातून आले. ते चांगले पुस्तक आहे. हॉलची नजर तीक्ष्ण होती, आणि जे डोळ्यांना दिसते पण कोणी सांगत नाही ते त्याने पकडले. पण थोड्या आठवड्यांच्या वर्गासाठी निवडलेला हा तुकडा पुढे संपूर्ण विषय होऊन बसला.

रूथ बेनेडिक्टचेही असेच झाले. १९४४ साली युद्धमाहिती कार्यालयाच्या कामासाठी तिने जपानचा अभ्यास हाती घेतला. जपानला जाणे शक्यच नव्हते. तिचे १९४६ चे ‘द क्रिसॅन्थेमम अँड द सोर्ड’ ज्यांच्या सांगण्यावर उभे राहिले, त्यांच्यात रॉबर्ट हाशिमा हा जपानी-अमेरिकन सहकारी होता, आणि तिने पुस्तकात त्याचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. तिच्याकडून ‘गिरी’ आणि ‘ओन’ हे शब्द उचलणाऱ्या शेकडो पुस्तिकांत हाशिमा नाही. नारायण शेणवी जिथे गेला तिथेच तोही गेला.

मग आकडे आले. खेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते ७३ दरम्यान भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून १९८० साली देशांना गुण दिले. ‘सत्ता-अंतर’ या मापात भारत ७७, जपान ५४, जर्मनी ३५. हे आकडे आजही प्रत्येक प्रशिक्षणात स्तंभालेख होऊन पडद्यावर येतात. ब्रेंडन मॅकस्वीनी या अभ्यासकाने २००२ साली त्यांची कठोर तपासणी केली. एक हजाराहून अधिक माणसांनी उत्तरे दिलेले देश केवळ सहा निघाले. पाकिस्तानात तर एकदा ३७ आणि एकदा ७० माणसे. भारताच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट खटकते. ही कंपनी १९७८ साली परकीय चलन कायद्याच्या वादातून भारतातून निघूनच गेली. म्हणजे आज चाकणला येणाऱ्या तरुण जपानी अभियंत्याला भारतीय माणसाविषयी जो आकडा दाखवतात, तो पन्नासेक वर्षांपूर्वी एका अमेरिकी कंपनीत नोकरी मिळालेल्या मोजक्या भारतीयांचा आहे. हॉफस्टेडने स्वतः बजावले होते की हे गुण देशांचे आहेत, व्यक्तींना लावू नयेत. पण पडद्यावरचा स्तंभ बजावत नाही.

आणि ७७ म्हणजे काय? वरिष्ठाशी मतभेद व्यक्त करायला कनिष्ठ घाबरतो, असे त्यामागचे एक उत्तर. घाबरणे ही संस्कृती मानायची की नोकरी जाण्याचा हिशेब? प्रश्नावलीत हे दोन वेगळे करण्याची सोय नव्हती.

जपानकडे याहून सकस विचार होता, हे सांगायला हवे. नाकाने चिए या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९६७ साली लिहिलेले ‘ताते शाकाई’वरचे, म्हणजे उभ्या रचनेच्या समाजावरचे, छोटे पुस्तक जपानी कंपन्यांत खूप वाचले गेले. नाकाने यांनी आधी भारतात प्रत्यक्ष फिरून काम केले होते. गारो आणि खासी समाजांवर त्यांचा ग्रंथ आहे. जपानी माणूस स्वतःची ओळख ‘चौकटी’वरून, म्हणजे घर किंवा कंपनीवरून सांगतो आणि भारतात ती जन्माने मिळालेल्या ‘गुणधर्मा’वरून, म्हणजे जातीवरून ठरते, अशी त्यांची मांडणी. तिच्याशी वाद घालता येतो, पण तिच्यात निदान जात आहे. माझ्या खणातल्या भारतविषयक पुस्तिकांत जात एका वाक्यात येते आणि कायद्याने बंद झाल्याचे सांगून निघून जाते. कँटीनमध्ये कप कोण विसळतो आणि संडास कोण धुतो हे परदेशी साहेबाला पहिल्याच आठवड्यात दिसते. पुस्तिकेत त्याचे उत्तर नसते.

उलट बाजूच्या पुस्तिकाही बघाव्यात. जपानला जाणाऱ्या मराठी मुलामुलींना ‘रिंगी’ नावाची पद्धत जणू गूढविद्या असल्यासारखी शिकवतात : खालच्या टेबलावर प्रस्ताव लिहायचा, तो एकेका टेबलावरून शिक्के घेत वर जायचा आणि मग निर्णय. मंत्रालयातला कोणताही कारकून हे ऐकून हसेल. आपल्या फाईलवरची टिपणी, तिच्यावरच्या सह्या आणि ती हलवणारा शिपाई ठाऊक असलेल्याला रिंगी एका मिनिटात कळते. तसेच ‘नेमावाशी’. हा मुळात माळीकामातला शब्द. मोठे झाड हलवण्याआधी बराच काळ त्याच्या मुळांभोवती खणून, मुळे छाटून ठेवतात. बैठकीआधी एकेकाला गाठून मन वळवण्याला तिथे हे नाव आहे. सहकारी संस्थेची वार्षिक सभा पार पाडलेल्या माणसाला यात नवे काय? ही साम्ये पुस्तिका सांगत नाहीत, कारण ‘ते वेगळे आहेत’ यावरच पुस्तिकेचे पोट चालते.

आता माझ्या ओळीकडे येते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जपानी कंपनीच्या गुणवत्ता अधिकाऱ्याबरोबर भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेले होते. चार लेथ, दोन मिलिंग मशीन. मालक साठीचे, मी त्यांना काका म्हणत असे. अधिकाऱ्याने विचारले की शनिवारपर्यंत माल तयार होईल का. मी विचारले. काका म्हणाले, “हो, होऊन जाईल म्हणा.” मी ‘हाय’ म्हणून सांगितले. अधिकारी नमुने मोजायला आत गेला तेव्हा काका चहाचा कप पुढे करत हळूच बोलले, “ताई, मटेरियलच नाहीये. यांच्याकडंच चार महिन्यांचं बिल अडकलंय. स्टीलवाल्यानं उधारी बंद केली. पण नाही म्हणालो तर जॉब दुसऱ्याकडं जाणार. तुम्ही काही बोलू नका.” मी बोलले नाही. दुभाष्याने सांगितले तेवढेच सांगायचे असते.

त्याच तासाभरात एक कामगार उचल मागायला आला. काका म्हणाले, “आत्ता नाही जमणार.” गणपतीची वर्गणी मागणारी पोरे आली, त्यांना सांगितले, “गेल्या वर्षीएवढीच देणार, जास्त नाही.” म्हणजे नाही म्हणता येत होते. ज्याच्याकडे पैसे अडकले होते त्या एकालाच म्हणता येत नव्हते.

परतताना गाडीत अधिकाऱ्याने मला विचारले, “खरंच होईल?” त्यालाही शंका होती. मी म्हटले, त्यांनी तसे सांगितले आहे. मग त्याने आपल्या वरिष्ठाला फोन लावला. माल शनिवारी निघेल, हो, नक्की. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. तेव्हा मला ते नीट कळले नाही. आज वाटते, त्या दिवशी मी दोन वर्कशॉपमालक पाहिले. दुसरा टाय बांधलेला होता आणि त्याचे भांडवल आपली नोकरी हे होते.

शनिवारी माल निघाला नाही. पुढे त्याच कंपनीच्या प्रशिक्षण वर्गासाठी माझ्याकडे स्थानिक अनुभव मागितले गेले. मी हा प्रसंग सांगितला, बिलाचा भाग वगळून. मला पैसे मिळत होते आणि पुढचे कामही हवे होते. वर्गात ती एक ओळ झाली आणि पुस्तिकेत एक चौकट : भारतीय पुरवठादार नाही म्हणत नाही, त्याच्या ‘हो’चा अर्थ ‘मी ऐकले’ एवढाच घ्यावा. ती ओळ माझी आहे. इतर कंपन्यांच्या पुस्तिकांतही ती मला थोड्याफार फरकाने भेटते. प्रत्येकीचा उगम माझ्याकडे नसणार; असेच दुभाषी गावोगावी असतील आणि त्यांनीही काही ना काही वगळले असेल.

शिष्टाचाराची माहिती निरुपयोगी आहे असे मला म्हणायचे नाही. दारात बूट काढावेत, हे आधी कळले तर कोणाचाही अपमान टळतो. परक्या गावात मुलाबाळांसह येणाऱ्या माणसाची भीती खरी असते, आणि पाणी उकळून प्या हे सांगणारे पान त्या रात्री त्याला मोलाचे वाटते. माझा वाद त्या पानाशी नाही. पुरवठादार तारीख का चुकवतो, कामगार बैठकीत गप्प का बसतो, बाई पदोन्नती का नाकारते, या प्रश्नांना बूट काढण्याच्याच पट्टीत बसवले जाते, त्याला माझी हरकत आहे. कारण तिथे उत्तर ‘ते असेच आहेत’ असे लिहिले की बिल चार महिन्यांऐवजी एका महिन्यात देण्याचा विचार कोणालाच करावा लागत नाही. त्या दिवशी काकांचे जे नुकसान झाले ते गैरसमजातून झाले नव्हते.

काही वर्षांनी त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघायची होती आणि भाषांतर तपासायला ती माझ्याकडे आली. मी ती चौकट खोडली. तिच्या जागी जपानीत दोन वाक्ये लिहिली : पुरवठादाराला तारीख विचारण्यापूर्वी त्याचे मागचे बिल कधी दिले ते आपल्या हिशेब विभागाला विचारावे. दुभाषी बरोबर असेल तर परत येताना गाडीत तिचे मतही विचारावे, आणि ते विचारल्याचे लिहून ठेवावे. छापील प्रत हाती आली तेव्हा पहिली चौकट खरोखरच नव्हती. माझी वाक्येही नव्हती. त्या जागी नमस्कार कसा करावा याचे चित्र होते, आणि चित्रातल्या बाईचे हात छातीपेक्षा जरा उंच, जवळजवळ कपाळापाशी होते. देवाला करतात तसे. मी मुद्रणदोष म्हणून ते कळवले. ते मात्र लगेच दुरुस्त झाले.